काचेच्या पलीकडून

सकाळी लंबूकाका गेल्याचा फोन आला. हवाई दलाच्या रडार युनिटमधल्या आठ दोस्तांपैकी आता आमचे बाबा तेवढे उरले. बातमी ऐकताच त्यांनी मार्कर उचलला आणि बाल्कनीच्या काचेच्या दारावर काहीतरी गिचमिड खरडत सुटले.

दादाला निमित्तच हवं होतं. "बघितलंस? डोकं गेलंय त्यांचं कामातून. डॉक्टर येतायत, त्यांना हे दार दाखवायचं आणि वृद्धाश्रमासाठी सही घ्यायची."

बाबा दोन हातांच्या अंतरावरच उभे होते. मान न वळवता लिहीत राहिले.

डॉक्टरांची गाडी आली का, ते बघायला मी बाल्कनीत गेले. परत वळले आणि जागीच खिळले. बाहेरून तीच गिचमिड सुलट दिसत होती, मोत्यासारख्या अक्षरात. रडारच्या खोलीत बाबा काचेच्या फळ्यामागे उभे राहून विमानांच्या नोंदी अशाच उलट्या लिहायचे, समोरच्या साहेबांना वाचता याव्यात म्हणून.

सात दोस्तांची नावं. प्रत्येकापुढे तारीख आणि 'संपर्क तुटला'.



आठवं नाव बाबांचं स्वतःचं. पुढे लिहिलं होतं, 'अजून दिसतोय.'