गाडी चालवून दाखव

“गाडी चालवून दाखव,” दुर्गाताई म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या, आणि धर्मेंद्रच्या चेहऱ्यावर दिवाळी फुलली. धर्मेंद्र म्हणजे अकोल्यातल्या बेरोजगार पोरींना सरकारी पैशानं ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा मालक. दुर्गाताई म्हणजे ते शिकवणं खरं की नुसतं कागदावरचं, हे पाहायला आलेल्या विधिमंडळ समितीच्या प्रमुख. आणि चालवून दाखवायची होती जेबानं. तिलाच पुढं करायचं, हे धर्मेंद्रनं आधीच ठरवून टाकलं होतं. बाप टेम्पोवाला, पोरगी त्याच्या शेजारी बसून बसून कधीचीच तयार झालेली.

बाकीच्या पोरींनी स्टेअरिंगला हात लावला असेल तर शपथ! वर्गात बसून पडद्यावर सिग्नलची चित्रं पाहिली, चहा प्यायल्या, फोटो काढून घेतले. झालं ट्रेनिंग.

“नीट चालव, शाळेच्या व्हॅनची नोकरी तुझीच,” असं धर्मेंद्रनं सकाळी तिला सांगितलं होतं. नोकरी खरी होती आणि जेबाला ती हवीही होती. पण समितीनं मान डोलावली की सगळ्याच पोरींना प्रमाणपत्र मिळणार, आणि प्रमाणपत्र मिळालं की सरकारच्या लेखी पोरगी शिकली. मग पुन्हा सरकारी ट्रेनिंगला बसायचं नाव नाही. मागं उभी असलेली संध्या तर ड्रायव्हर व्हायचं म्हणून दाल मिलची रोजी सोडून आली होती. सरकारी खर्चानं शिकायची तिची ही एकच संधी, आणि जेबानं गाडी नीट चालवली की ती आज जाणार होती.

जेबानं चाबी घेतली. “ताई, संध्याले घेऊ का संगं?”

“घे ना, घे घे!” उत्तर धर्मेंद्रनंच दिलं.

दुर्गाताई संस्थेच्या गाडीत पुढं बसल्या. मांडीवर वाटायच्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा. मागं धर्मेंद्र, संध्या आणि समितीतले दुसरे आमदार महादेवराव. त्यांना जेवायची घाई होती.

“कुठं नेऊ?” जेबानं विचारलं.

“जिथं शिकलीस तिथं ने,” दुर्गाताई म्हणाल्या.

“डावीकडं घे बेटा, आपल्या मैदानावर,” मागून धर्मेंद्र. मैदानावर त्यानं कालच चुन्याच्या रेघा मारून घेतल्या होत्या. गाडी उजवीकडं वळली.

बाप्पा, काय चालवली पोरीनं! जठारपेठेतली ती गर्दी, आडव्या लावलेल्या मोटारसायकली, रस्त्याच्या मधोमध उभं राहून फोनवर बोलणारे लोक. पण कुठं झटका नाही की उगाच हॉर्न नाही. महादेवराव भूक विसरले. “वा! याले म्हणतात ट्रेनिंग!” धर्मेंद्र हसला, पण गाडी कुठं चालली ते त्याला कळेना.

अकोट रोडवर टेम्पोंची रांग लागते, तिथं जेबानं गाडी थांबवली. झाडाच्या सावलीत अब्दुल सत्तार टेम्पोचं चाक काढून बसले होते. पोरगी मोटारीच्या स्टेअरिंगवरून उतरतेय हे पाहून ते हातात पाना घेऊनच उठले.

“हे माहे अब्बा,” जेबा खिडकीपाशी येऊन म्हणाली. “मी यांच्यापाशी शिकली. याच टेम्पोवर.”

“आणि संस्थेत?”

“संस्थेत चहा बेस होता, ताई.”

“मजाक करते पोरगी,” धर्मेंद्र घाईघाईनं म्हणाला. “मॅडम, हिचं सोडा. ही संध्या तर आमच्याकडंच शून्यापासून शिकली. विचारा तिले!”

दुर्गाताईंनी मागं वळून पाहिलं. संध्यानं मान खाली घातली. कागद तर कागद, काहीतरी हाती लागेल, असं ती बिचारी सकाळपासून मनाला समजावत होती.

जेबाचं डोकंच फिरलं. खड्ड्यात गेली ती व्हॅन! तिनं मागचं दार उघडलं, संध्याला हाताला धरून उतरवलं, स्टेअरिंगपुढं बसवलं आणि चाबी तिच्या हातात दिली.

“विचारता कायले? ताई, हिचंबी प्रमाणपत्र तुमच्या मांडीवर आहे. सही धर्मेंद्रभाऊची. आता गाडी वापस हीच नेईन.”

महादेवरावांनी खिडकीवरचं हँडल गच्च धरलं. संध्यानं खाली वाकून पायांकडं पाहिलं.

“यातला क्लच कोनता व, जेबा?” ती हळूच म्हणाली. ऐकलं मात्र सगळ्यांनी.

दुर्गाताईंनी सीटबेल्ट ओढून घट्ट लावला. “फिरव चाबी, पोरी. मी बसले आहे.”

संध्यानं चाबी फिरवली. गाडीनं एकच हिसका दिला आणि बंद पडली. लगेच मागचं दार उघडलं. धर्मेंद्र उतरला तो थेट रस्त्यापलीकडं जाऊन उभा राहिला.

दुर्गाताईंनी त्याच्याकडं एकदा पाहिलं. मांडीवरचा गठ्ठा उचलून मागं त्याच्या रिकाम्या जागेवर ठेवून दिला.

“हं, पुन्हा फिरव,” त्या संध्याला म्हणाल्या. “आणि जेबा, खिडकीपाशीच थांब तू. क्लच कोणता ते सांग हिला.”