तिसऱ्या रांगेतली खुर्ची

दोहातली आमची मराठी ख्रिस्ती मंडळी दर शुक्रवारी उपासनेला जमते. एकोणीस वर्षं ती उजागरे काकांनीच चालवली. काका पुढे उभे, आणि काकू तिसऱ्या रांगेत, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पर्स ठेवून.

काकांचं फायनल एक्झिट ठरलं, कायमचं नगरला. निरोपाला आम्ही नाटुकलं बसवलं आणि मोशे काकांनाच केलं. लोकांना वाळवंटातून वचनदत्त देशाच्या वेशीपर्यंत आणणारा, पण स्वतः आत पाय न ठेवता डोंगरावरून तो देश बघत मरणारा मोशे. काका टेबलावर चढून इतके छान मेले की अख्खी मंडळी रडली. मरण्याआधी त्यांनी मोशेची काठी माझ्या हातात दिली. त्यांच्या जागी येणारी यहोशवा मीच होते, नाटकात आणि नाटकानंतरही.

पुढच्या शुक्रवारी मी पहिल्यांदाच पुढे उभी राहिले, तर दारातून काका-काकू आत! कंपनीने ऐन वेळी दोन वर्षांचं एक्स्टेन्शन दिलं होतं. टाळ्या, मिठ्या, कोणाला आवरेना. मी कोपऱ्यातली काठी घेऊन धावले.

"घ्या काका, सुटले मी!"

"अगं हर्षदा, मोशे डोंगर उतरून परत आला, असं कुठे लिहिलंय का? यल्ला, चालू कर."

मग ते तिसऱ्या रांगेत गेले. काकूंनी पर्स उचलून मांडीवर घेतली. काका शेजारी टेकले आणि हळूच त्यांना म्हणाले, "पोहोचलो गं एकदाचा."