पीटर्सबर्ग ते नमनगान, पाच तास

"पीटर्सबर्गहून इथं यायला विमानाला किती वेळ लागतो, पोरी?"

नमनगानच्या तिकीट कचेरीतल्या नफिसानं मान वर न करताच सांगितलं, "साडेतीन हजार किलोमीटर आहे, मावशी. पाच तास. कुठल्या तारखेचं हवंय?"

"तारीख अजून ठरायचीय," ओयदिनमावशी म्हणाली. "तिकडून सुटतं कधी?"

"सकाळी सहाला. इथं दुपारी एकला उतरतं."

"हे तर सात तास झाले की. म्हातारी बघून गंडवतेस होय?"

"त्यांचं घड्याळ दोन तास मागे आहे, मावशी."

ही तर देवानंच केलेली सोय. मावशीनं बोटांच्या पेरांवर हिशेब मांडला. पहाटे पाचला इथून फोन गेला, तर तिकडे तीनच वाजलेले. तिचा मुलगा इल्होम उठेल, विमानतळ गाठेल. एकला उतरला तरी पासपोर्टची रांग, सामान, गावाकडची गाडी. दारात यायला साडेतीन.

"जानेवारीत तिसऱ्या प्रहराचा नमाज सव्वातीनलाच होतो," ती पुटपुटली. "नाही जमायचं. जूनमध्ये होतो सहाच्या सुमाराला. जूनच बरा."

मागच्या माणसाचा धीर सुटला. "मावशी, तुमचा मुहूर्त निघेपर्यंत आमचं विमान उडून जाईल. लग्न कुणाचं आहे एवढं?"

"लग्न कुठलं रे बाबा. माझी मयत आहे."

नफिसानं पहिल्यांदा मान वर केली.

"डॉक्टर म्हणतो, हृदय थकलंय. आज की वर्षानं, सांगता येत नाही," मावशी म्हणाली. "त्याच दिवशी नमाज झाला की दफनाला नेतीलच मला, कोण थांबतंय? दारात अंगरखा घालून, कमरेला रुमाल बांधून रडायला मुलगा नको? एकच आहे मला. शेजारचा शोकिर म्हणतो, मी उभा राहीन. पण तो मेला सगळ्यांच्याच दारात उभा राहतो."

नफिसाला हसू आलं आणि लगेच हसल्याची लाजही वाटली. "मग त्यांना आत्ताच बोलवा ना, मावशी. तुम्ही आहात तोवर. विमान बुधवारी आणि शनिवारी असतं. या बुधवारी जागा आहे."

"नऊ वर्षं बोलावतेय."

नऊ वर्षांत त्या घराच्या उंबऱ्याशी परक्या चपला क्वचितच दिसल्या. एकटेपणा खायला उठायचा. पण फोनवर मावशी नेहमी मजेत असायची.

"त्याचा मालक सोडत नाही," ती म्हणाली. "आई आजारी आहे म्हटलं, तर म्हणतो, सगळ्यांचीच असते. मेली म्हटल्यावर मात्र सोडतो म्हणे."

नफिसानं एका कागदावर वेळा लिहून दिल्या. मावशीनं तो घडी घालून रुमालात बांधला. दारापर्यंत गेली आणि तिथूनच परत वळली. मागच्या माणसानं सरकून तिला पुढं जागा दिली.

"माझ्या मयतीला बुधवारी आला, तर परतीचं विमान शनिवारीच ना?"

"हो, मावशी."

"म्हणजे तीन रात्री घरात झोपेल पोरगा," मावशी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "गादीत नवा कापूस भरून ठेवते."