हजेरीपुरतं नेट

"सगळ्यात स्वस्त प्लॅन मारा," सफाईवाल्या मावशींनी रिचार्जवाल्याला बजावलं. "रोज सकाळी कंपनीला हजेरीचा फोटो पाठवायचा, बस. सिनेमे बघायला वेळ कुणाला आहे?"

ऑफिसात वायफाय होतं, पण कंत्राटी माणसांना पासवर्ड द्यायचा नाही, असा नियम. वायफायच्या डबीवरची धूळ तेवढी मावशींनीच पुसायची.

पंधराव्या दिवशी हजेरीच्या ॲपनंच अपडेटच्या नावाखाली सगळा डेटा गिळला. फोटो काही जाईना.

दहा वाजता सुपरवायझर उगवला. "मावशी, फोटो आला नाही. आज तुम्ही गैरहजर."

मावशींनी फडकं असं पिळलं, जणू कुणाचा तरी कान.

"बरं साहेब. पण जरा कडेनं चाला. गैरहजर बाईनं पुसलेली फरशी अजून ओली आहे."