विनायकचं नख

थेंब पडलाच. इंजिन सुरू होऊन पुरती दहा मिनिटंही झाली नव्हती, आणि खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर तेलाचा काळा डाग दिसू लागला. विनायकने इंजिन बंद केलं, हातातला पाना जमिनीवर आपटला आणि कुणाचंही नाव न घेता एक सणसणीत शिवी हासडली. तेल अडवायला बसवलेलं आठ दिवसांतलं हे तिसरं रबरी सील होतं.

"गलला ना परत?" खोक्यावर बसलेली गोदूबाई म्हणाली. इंजिन तिच्या नवऱ्याच्या, दादूच्या होडीचं. उरणहून टेम्पोत घालून ते सुकापूरच्या रस्त्यावरच्या या गॅरेजात आणलेलं. दादूने दोन फेऱ्या मारल्या, दोनदा डोकं पिकवून घेतलं आणि आज बायकोला धाडलं. "मिस्त्री, नारली पुनव चार दिसांवर आली. समदे दर्यात जातील, न् आमी काय काठावर बसू? आज नाय झाला तर मी टेम्पो बोलावते. दुसरीकडं नेते."

विनायकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोवीस वर्षांत त्याच्या गॅरेजातून कुणी इंजिन अर्धवट उचलून नेलं नव्हतं. आज नेलं असतं तर संध्याकाळच्या आत बंदरावर बोभाटा झाला असता. मग पुढच्या हंगामात एक होडीवाला इकडे फिरकला नसता.

राग काढायला हक्काचा माणूस समोरच होता. रस्त्यापलीकडचा कल्पेश, सुट्या भागांचा दुकानदार. विनायकने त्याला हाक मारून बोलावलं आणि इंजिनातून उपसलेलं सील चिकट हातानेच त्याच्या नाकासमोर धरलं.

"डुप्लिकेट माल खपवतोस होय रे माझ्या गळ्यात?"

"दादा, पाकीट तुमच्यासमोर फोडलं," कल्पेश म्हणाला. "सील बरोबर आहे. शाफ्ट झिजलाय. सीलचं रबर घासून घासून त्याच्यावर खाच पडलीय, तिथून तेल निसटतंय. पातळ स्टीलची स्लीव्ह येते, ती शाफ्टवर बांगडीसारखी चढवायची. सीलला बसायला नवी जागा मिळते. माझ्याकडे आहे, अर्ध्या तासाचं काम."

"स्लीव्ह झिजलेल्या शाफ्टला लागते! हा झिजलाय कुठं?"

सील जिथे घासतं तिथे शाफ्टवर, इंजिनाच्या त्या फिरत्या दांड्यावर, एक चकचकीत रेघ होती. पण तशी रेघ कुठल्याही चाललेल्या शाफ्टवर असतेच. ती नुसतीच रेघ आहे की खोल खाच, हे मिस्त्री नखाने बघतात. नख आडवं फिरवायचं. अडलं तर शाफ्ट खराब. पनवेलात मोजमापाची यंत्रं आली, तरी विनायकने कधी घेतली नाहीत. केसाएवढी खाचसुद्धा त्याच्या नखाला सापडायची, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. या शाफ्टवरून त्याने तीनदा नख फिरवलं होतं. तीनदा ते सुळकन गेलं होतं.

त्याने सील बाजूला भिरकावलं. हल्ली सगळंच बिनसत होतं. नट हातातून निसटून गडगडत जायचे. रक्तात साखर निघाल्यापासून बायको, नीता, थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा द्यायची, तो घशाखाली उतरायचा नाही. साध्या कामाला दुप्पट वेळ लागायचा आणि मग दिवसभर याच्यावर त्याच्यावर तोंडसुख घेणं आलंच. मनातून त्याला धास्ती वाटत होती, पण ती कशाची, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"जरा मी बघू?" असं म्हणत गोदूबाई उठली आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत तिने शाफ्टवरून नख फिरवलं. "हिता अडतंय की."

"गोदूबाई, ही कोलंबी नाही सोलायची," विनायक फणकारला.

"कोलंबी काय न् लोखंड काय, अडतंय ता अडतंय."

कल्पेशनेही नख लावलं. मग त्याने नुसती होकाराची मान हलवली. ती मान विनायकला शब्दांपेक्षा जास्त झोंबली. कालचं पोर आणि एक मासेवाली त्याला त्याचाच धंदा शिकवायला निघाले होते. त्याने दोघांना बाजूला सारलं, तर्जनी शाफ्टवर दाबली आणि सगळा जोर काढून पुढे-मागे, पुढे-मागे नख घासलं.

"कुठाय? दाखवा, कुठाय खाच! लोण्यासारखा शाफ्ट आहे. म्हणे अडतंय!"

"मिस्त्री, हात काढा," गोदूबाई ओरडली.

"का काढू? आधी बघा तरी!"

तिने त्याचं मनगट धरून हात खेचून वर केला. शाफ्टच्या टोकाला चावी, म्हणजे चाक जखडणारा लोखंडी तुकडा, बसवायची धारदार खोबण होती. जोराच्या भरात बोट तिच्या कडेवर जाऊन घासत राहिलं होतं. नख अर्धं उचकटलं होतं. बोटाचं पेर उघडं पडलं होतं आणि रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं.

"आई गं! दुखत नाय तुमाला?"

विनायक बोटाकडे बघत राहिला. मग दुसऱ्या हाताने त्याने ते पेर दाबलं. अजून जोरात दाबलं. कल्पेशने तोंड फिरवलं.

 शेवटी विनायकने कल्पेशकडे मान वर करून पाहिलं. आवाजात राग उरलाच नव्हता.

"स्लीव्ह घेऊन ये. आणि चढवताना तूच हात लाव, कल्पेश. माझ्या बोटांना काही कळत नाहीये रे."