बिनडासाची जागा

इथे एकही डास नव्हता.

सुनेत्राने डोक्यावरची जाळी वर केली आणि नुसती उभी राहिली. तीन दिवस डासांनी तिघांच्या नाकी नऊ आणले होते. अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या घरून निघताना घेतलेली मलमं, फवारे, उदबत्त्या, सगळं त्यांनी पचवलं होतं. उल्हासचा डावा डोळा सुजून बंद झाला होता आणि त्याचा फोटो ऑर्कुटवर टाकायची धमकी यतीनने दिली होती. तंबूत एक डास शिरला तरी ती, तिचा नवरा यतीन आणि मित्र उल्हास, तिघंही टॉर्च घेऊन त्याच्या मागे. आजही झोप झाली नाही तर शिखर सोडायचं आणि गाशा गुंडाळून घरी जायचं, असं दुपारीच ठरलं होतं.

मग यतीनला ही जागा सापडली. तळ्यापासून पाच मिनिटांवर, पाइनच्या झाडांमध्ये, मोठ्या परातीसारखी खोलगट. झाडं उभीच्या उभी वाळलेली, एकावरही हिरवी सुई नाही. खाली मऊ, कोरडी माती. यतीनने मधोमध मॅट पसरली, बूट काढले आणि आडवा झाला.

"स्वर्ग आहे यार," तो म्हणाला. "मी आता इथून हलत नाही."

उल्हास वर कडेला तंबूच्या काठ्या जोडत बसला. सुनेत्राला मात्र चैन पडेना. का, ते तिचं तिलाच सांगता येत नव्हतं. चिवडा सांडला होता, त्याला मुंगी लागली नव्हती. एका बुंध्याशी चिमणीएवढा पक्षी पडला होता, पंख मिटून, शहाण्यासारखा. ती बघायला वाकली तर सोड्याची बाटली उघडल्यासारखं नाकात झिणझिणलं आणि डोकं जड झालं. नऊ हजार फुटांवर एवढं व्हायचंच, असं तिने स्वतःला समजावलं.

"यतीन, इथे नको राहू या."

"तीन दिवस डास डास करून डोकं तूच खाल्लंस ना?" तो डोळे न उघडताच म्हणाला. "आता नाहीत, तर त्याचाही प्रॉब्लेम?"

डास नाहीत म्हणून भीती वाटते, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

सूर्य डोंगराआड गेला आणि वारा पडला. वारा पडला की डास तुटून पडतात, हे एव्हाना पाठ झालं होतं. तिने सवयीने जाळी खाली ओढली आणि वाट पाहिली. कानाशी गुणगुण नाही. कुठे पाखरू नाही. यतीनची बडबडसुद्धा थांबली होती. त्याला झोप लागली असावी. इतकी शांतता तिला सोसवेना. देवभोळी ती कधीच नव्हती, पण तिन्हीसांजेला दिवा लावायची आईची सवय तिच्याबरोबर अमेरिकेत आली होती आणि डोंगरातही यायची. स्टीलच्या वाटीत छोटी मेणबत्ती ठेवून तिने ती यतीनच्या उशाशी मांडली आणि काडी ओढली.

काडी पेटली. ती वाकून वातीपाशी नेली, तर विझली. दुसरीही विझली. तिसरीही.

"सादळल्या असतील," उल्हास वरून म्हणाला आणि त्याने आपला लायटर तिच्याकडे फेकला.

लायटर उभ्याने झकास पेटला. ती वाकली आणि ज्योत गेली. उभी राहिली, पेटवला, वाकली, ज्योत गेली. तिसऱ्या वेळी तिने हात अगदी सावकाश खाली नेला. गुडघ्याशी आल्यावर ज्योत बारीक झाली आणि चिमटीत धरून कोणीतरी विझवावी तशी गेली. दर वेळी त्याच उंचीवर. तिच्या गुडघ्यापर्यंत काहीतरी भरलं होतं, जे दिसत नव्हतं. आणि यतीन त्याच्या तळाशी झोपला होता.

"उल्हास," ती म्हणाली. "खाली आग जगत नाहीये."

उल्हासने लायटरकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं, बुंध्याशी पडलेल्या पक्ष्याकडे पाहिलं. मग हातातल्या काठ्या टाकून तो धावत खाली उतरला.

"जमिनीतून गॅस येतोय. जड असतो, खड्ड्यात साचतो. श्वास रोख आणि पाय धर त्याचे."

यतीन उठला नाही, कण्हलाही नाही. दोघांनी त्याला पोत्यासारखा फरफटत वर आणला, कडेला एकदा धापा टाकल्या आणि तसाच तळ्याकाठच्या गवतात नेऊन टाकला. त्याचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. उल्हास त्याच्या तोंडात श्वास फुंकत राहिला, मग दमून मागे बसला. सुनेत्राने यतीनच्या छातीवर कान ठेवला. तिला फक्त स्वतःचंच काळीज ऐकू येत होतं. मनगट चाचपलं, पण नाडी लागते की नाही, तेही कळेना. ती त्याला हाका मारत सुटली. डोंगरात तिचाच आवाज घुमून परत येत होता.

तेवढ्यात तळ्यावरून डास आले, थवेच्या थवे. तिच्या मानेवर, हातांवर, उल्हासच्या सुजलेल्या डोळ्यावर. एक यतीनच्या गालावर उतरला, दोन पावलं चालला आणि त्याने सोंड रोवली.

उल्हासने हात उगारला. सुनेत्राने तो वरच्यावर धरला.

"असू दे. चावू दे त्याला."

दोघं श्वास धरून बघत राहिले. डासाला कसली घाई नव्हती. त्याचं पोट फुगत गेलं, लाल होत गेलं. यतीनच्या कपाळाला बारीकशी आठी पडली. मग त्याचा हात गवतातून उठला आणि फाडकन त्याच्याच गालावर बसला.