कपडे घरी नेऊ नका

"काकू, तुम्ही कारखान्यात किती वर्षं होता?" वकीलबाईंनी विचारलं.

"मी कुठली? कामाला हे होते. सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात, सव्वीस वर्षं. मी नुसती ह्यांचे कपडे धुवायची." एवढ्या बोलण्यानेच तिला धाप लागली. जरा थांबून ती म्हणाली, "पांढरेफटक होऊन यायचे. मी म्हणायची, पिठात लोळून आलात का? आधी गच्चीवर झटकायची, मग भिजवायची."

नवरा शेजारच्या खुर्चीत होता. डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं होतं. त्याची छाती ठणठणीत निघाली. ॲस्बेस्टॉसच्या धुळीचा कॅन्सर निघाला तो तिला.

"काकू कामगार नव्हत्या, म्हणून कंपनी हात वर करणार," वकीलबाई म्हणाल्या. "तरी दावा लावता येतो. पण ही धूळ घरच्यांना बाधते हे कंपनीला ठाऊक होतं, असं दाखवावं लागेल. काका, कोणी कधी काही सांगितलं होतं तुम्हाला?"

नवऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"एकदा कंपनीने डॉक्टर आणला होता. सगळ्यांना उभं करून म्हणाला, कपडे घरी नेऊ नका, इथेच धुवा."

"मग?"

"चाळीस माणसांत नळ एक. रांगेत थांबलं की बस चुकायची."

"घरी सांगितलंत?"

तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. "घाबरली असती ती," तो म्हणाला. मग त्याचा आवाज आणखी खाली गेला. "तसं नाही. सांगितलं असतं, तर कपडे मलाच धुवावे लागले असते."

वकीलबाईंचं पेन थांबलं. त्या म्हणाल्या, "काका, हाच पुरावा हवा होता. डॉक्टर आणला, म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कोर्टात सगळ्यांसमोर सांगाल हे? जसंच्या तसं?"

त्याने मान डोलावली. बायकोकडे बघायचा धीर त्याला होईना.

ती श्वास जमवून म्हणाली, "लिहा. माहीत होतं, तरी बोलले नाहीत."

"कोण, कंपनीवाले?" वकीलबाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत होती. नवराही तिच्या उत्तराची वाट बघत राहिला.